'राष्ट्रीय पुरस्कार विजेता' हा शिक्का बघून सिनेमा लावताय? आधी हा रिव्ह्यू वाचा

ओटीटीवर रात्री काय बघायचं यावर घरात अर्धा तास घालवल्यावर शेवटी कुणीतरी म्हणतं की हा लाव, याला नॅशनल अवॉर्ड आहे, आणि मग सगळे गपगुमान बसतात. मीपण त्यातलीच. म्हणून म्हटलं एकदा या शिक्क्याचाच रिव्ह्यू करू, सिनेमांचा नाही. फक्त सर्वोत्कृष्ट अभिनेता हीच कॅटेगरी घेते, कारण खरी भांडणं तिथेच होतात आणि 'सगळ्यात कमी लायकीचा विजेता कोण' हा विषय निघाला की आमच्याकडे जेवणं थंड होतात.

पाचपैकी तीन स्टार. पण ते सरासरी काढून हं. मराठी, मल्याळम, तमिळ, बंगाली सिनेमावर हा शिक्का असेल तर साडेचार, आणि हिंदीतल्या मोठ्या स्टारच्या नावावर असेल तर दीड.

आता सगळ्यात कमी लायक कोण. बहुतेक जण सैफचं नाव घेतात, माझं मत अक्षय कुमार, रुस्तम. २०१६ च्या सिनेमांसाठीचा पुरस्कार, २०१७ मध्ये जाहीर झाला. केस मुळात आपल्या मुंबईची, १९५९ ची, नानावटी खटला, नौदलातला पारशी कमांडर बायकोच्या मित्राला गोळ्या घालतो आणि स्वतःच पोलिसांत हजर होतो, ज्युरी आठ विरुद्ध एक अशी त्याच्या बाजूने जाते, पुढे हायकोर्ट ते फिरवतं. एवढा मसाला हातात असताना अक्षयने काय केलं तर पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून अख्खा सिनेमाभर जबडा आवळून धरला. लॉकअपमध्ये बुद्धिबळ खेळताना तोच चेहरा, कोर्टात स्वतःची केस स्वतः लढताना तोच. माणूस आतून तुटलाय की नुसता इस्त्री करून आलाय ते शेवटपर्यंत कळत नाही. पुरस्काराच्या ज्युरीचे अध्यक्ष प्रियदर्शन, म्हणजे हेरा फेरी आणि भूलभुलैयावाले, अक्षयचे जुने दिग्दर्शक, त्यामुळे बोंब होणारच होती. त्यांनी सांगितलं की अक्षयचं एअरलिफ्टमधलं कामही धरलं होतं. मग एअरलिफ्टलाच द्यायचं ना, ते काम खरंच बरं होतं! अक्षयनेही शेवटी वैतागून हवं तर परत घ्या म्हणून सांगितलं.

आणि त्याच वर्षी समोर काय होतं? अलीगढमधला मनोज वाजपेयी. प्रोफेसर सिरस, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, समलिंगी म्हणून निलंबित केलेले. त्यात एक प्रसंग आहे, सिरस खोलीत एकटे बसलेत, हातात ग्लास, लताबाईंचं गाणं लागलंय आणि ते डोळे मिटून सोबत गुणगुणतायत, सूर लागत नाहीये, हात मात्र हवेत तालावर फिरतोय. बस, एवढंच. संवाद नाही, कॅमेरा हलत नाही, आणि आपण आपल्याच एखाद्या एकट्या राहणाऱ्या काकांच्या घरात चोरून डोकावतोय असं वाटून अवघडायला होतं. याला काही नाही, आणि जबड्याला रजत कमळ.

गंमत म्हणजे याच ज्युरीने अभिनेत्रीचा पुरस्कार मिन्नामिनुंगू या मल्याळम सिनेमासाठी सुरभी लक्ष्मीला दिला, जिचं नावही आपल्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. कासवला सर्वोत्कृष्ट सिनेमाचं सुवर्णकमळ दिलं, व्हेंटिलेटरसाठी राजेश मापुसकरांना दिग्दर्शनाचं. म्हणजे नजर होती हो त्यांना! हिंदी स्टार समोर आला की ती नजर कुठे जाते हाच माझा प्रश्न आहे.

सैफचं जरा वेगळं आहे. हम तुम, २००४. आई शर्मिला टागोर तेव्हा सेन्सॉर बोर्डाच्या अध्यक्ष, त्यामुळे लोकांनी लगेच नको ते अर्थ काढले, पण सेन्सॉर बोर्ड वेगळं आणि पुरस्काराची ज्युरी वेगळी, मला तो आरोप कधीच पटला नाही. शिवाय सैफ त्यात गोडच आहे, राणीबरोबरची वादावादी मस्त जमलीये, मी तो सिनेमा अजूनही बघते. पण गोड दिसणं आणि देशातला वर्षातला सगळ्यात भारी अभिनय यात फरक आहे की नाही? त्याच वर्षी स्वदेस होता. आपल्या वाईजवळच्या मेणवलीत शूट झालेला, गोवारीकरांचा. स्टेशनवर तो पोरगा पंचवीस पैशांना पाणी विकत येतो आणि तोपर्यंत बाटलीचंच पाणी पिणारा शाहरुख ते मातीच्या भांड्यातलं पाणी घेतो. त्या सीनमध्ये त्याने हात पसरलेले नाहीत, मान हलवलेली नाही, नेहमीचं काहीही नाही, नुसते डोळे भरतात. स्वदेसला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते उदित नारायणच्या गाण्याला आणि महेश अणेंच्या कॅमेऱ्याला, शाहरुखला नाही.

मग २०२५ ची गोष्ट ऐका. शाहरुखला पहिला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, ट्वेल्थ फेलच्या विक्रांत मॅसीबरोबर विभागून, आणि ज्युरीचे अध्यक्ष कोण, तर आशुतोष गोवारीकर! आणि सिनेमा कोणता, तर जवान. मेट्रो हायजॅक करणारा टकला शाहरुख, डबल रोल, थिएटरात मीपण शिट्ट्या मारल्यात, पण अभिनयाचा पुरस्कार? हे सरळसरळ एरियर्स आहेत, वीस वर्षांपूर्वीचे, चुकीच्या महिन्याच्या पगारात जमा झालेले. मनोज वाजपेयीलाही असंच पुढे भोसलेसाठी मिळालं, धनुषबरोबर विभागून, पण तिथे निदान काम तरी तोलामोलाचं होतं, चाळीतला तो रिटायर्ड मराठी हवालदार विसरता येत नाही. जवानच्याच वर्षी उल्लोळुक्कू या मल्याळम सिनेमासाठी ऊर्वशीला 'सहाय्यक' अभिनेत्रीचा दिला आणि तिने उघडपणे विचारलं की मी सहाय्यक कशी. बरोबर विचारलं बाईने.

हे सगळं आजचं नाही म्हणा. तमिळ सुपरस्टार एमजीआरना १९७१ च्या रिक्षाकारनसाठी दिला होता, तेव्हाही वाद झालाच होता.

आता साडेचार कशाला दिले ते सांगते. जोगवातला उपेंद्र लिमये बघा. धडधाकट तायप्पाला देवीचा जोगता करून लुगडं नेसायला लावतात आणि परडी हातात देतात, तर लिमयेने त्यात कुठे बायकी नखरा केलेला नाही, नुसते खांदे आत ओढून घेतलेत, पुरुषाचं शरीर लुगड्यात मावत नाहीये हे चालण्यातून दिसतं. देऊळमधला गिरीश कुलकर्णी, करडी गाय शोधायला गेलेल्या केश्याला दत्त दिसतात आणि तो बोंबलत गावभर पळतो, हसू येतं आणि भीतीपण वाटते की आता याचं हे गाव काय करणार. अनुमतीमधले विक्रम गोखले, बायको हॉस्पिटलात आणि हे पैशांसाठी दारोदार. त्यांना पानसिंग तोमरच्या इरफानबरोबर विभागून दिला, आणि तिथे विभागणी अजिबात खटकत नाही. या तिघांपैकी एकाच्याही सिनेमामागे मोठं बॅनर नव्हतं, हा शिक्का नसता तर महाराष्ट्राबाहेर किती जणांनी बघितले असते? श्वासच्या वर्षी अरुण नलावडेंना मिळायला हवा होता असं मी खूप वर्षं तावातावाने सांगायचे, मग त्या वर्षीचा विजेता, तमिळ अभिनेता विक्रम, पितामगनमध्ये जवळपास न बोलता काय करतो ते बघितलं आणि आता आवाज जरा खाली घेतलाय. जरासाच.

तर वापरायचं कसं: हिंदी असेल आणि हिरोचं नाव पोस्टरवर सिनेमाच्या नावापेक्षा मोठं असेल तर शिक्क्याकडे दुर्लक्ष करा, ट्रेलर बघून ठरवा. भाषा येत नसलेला सिनेमा असेल तर सबटायटल लावून बिनधास्त बघा, मी अजून तरी फसलेली नाही. आणि सहाय्यक अभिनेत्याची यादी चाळाच, तिथे स्टारमंडळींची गर्दी कमी असते. रुस्तमच्याच वर्षीचा घ्या ना, दशक्रिया, पैठणच्या घाटावरचा केशव भट, मनोज जोशी. हिंदीत त्यांना कॉमेडीत बघितलेल्यांनी तर आधी तोच लावा.