ड्रॉपरची केबल फ्रेमच्या आतून की बाहेरून?

येऊरचा डोंगर चढताना सीट वर, उतरताना खाली, तीही हँडलवरचा हात न काढता. एवढं सुख एकदा मिळालं की ड्रॉपर, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरने वरखाली होणारा सीटचा दांडा, घ्यावा की नाही हा प्रश्न उरत नाही. उरतो तो लिव्हरपासून ड्रॉपरपर्यंत जाणाऱ्या केबलचा. आधीच्या सायकलवर मी तीन पावसाळे आतून जाणारी केबल वापरली, आताच्या हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) दोन पावसाळे बाहेरची.

आतली देखणी असते, यात वाद नाही. झुडपात अडकत नाही, गाडीच्या कॅरियरवर सायकल बांधताना ओढली जात नाही. बसवताना मात्र दोन माणसं लागतात. ड्रॉपर सीट ट्यूबमध्ये (सीटखालच्या उभ्या नळीत) खाली सरकवताना दुसऱ्याने हँडलच्या बाजूने आउटर, म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण, हळूहळू ओढून घ्यायची, नाहीतर ती आतच दुमडते. पण हे एका रविवारचं काम, त्याची तक्रार नाही.

मला नडलं ते खालचं वळण. माझ्या फ्रेममध्ये आउटर डाउन ट्यूबमधून (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीतून) उतरून बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलच्या आसापाशी) वळायची आणि सीट ट्यूबमध्ये वर चढायची. आपल्याकडच्या पावसात आउटरमध्ये शिरलेलं पाणी त्या सगळ्यात खालच्या जागी साचतं, इनर, म्हणजे आतली तार, तिथेच गंजते. दर श्रावणात माझा लिव्हर जड व्हायचा. मग दाबलेला लिव्हर पूर्ण परत यायचा नाही, आणि सीट बसल्याबसल्या खचायची. इनर बदलायची तर अख्खा ड्रॉपर बाहेर काढा, कारण केबल त्याच्या बुडाशी जोडलेली. तिसऱ्या वर्षी भर पावसात सीट वर राहीचना, तेव्हा उपवनपासून घोडबंदर रोडपर्यंत उभ्यानेच पेडल मारत आलो. त्या दिवशी ठरलं.

बाहेरची केबल टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर, क्लिपांनी बसते. दिसायला जरा ओबडधोबड, खडकाळ वाटेवर खडखडतेही. पण पाणी साचायला तिला तसं वळण नाही, आणि बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. इनर बदलायला मला पंधरा मिनिटं लागतात, तीही गॅलरीत उभ्याउभ्या. घेताना एक मात्र बघा: केबल खालच्या स्थिर कॉलरला जोडलेली हवी. सीटखालच्या हलत्या डोक्याला जोडलेली असेल तर सीट खाली गेल्यावर केबलचा फुगा होतो आणि तो पोटरीला नाहीतर मागच्या टायरला घासतो.

बाकी निगा दोन्हींची सारखीच. चिखलातून आल्यावर ड्रॉपरच्या सरकत्या भागाभोवतीच्या सीलपाशी ओल्या फडक्याने पुसायचं, पाण्याचा जोराचा फवारा तिथे मारायचा नाही. ड्रॉपर फ्रेममध्ये धरून ठेवणारा सीट क्लॅम्प त्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त आवळला की ड्रॉपर वर यायला रेंगाळतो. पुष्कळांना वाटतं सीट वर ढकलणारं आतलं कार्ट्रिज गेलं. केबल फार ताणलेली असली तरीही सीट खचते, म्हणून आधी लिव्हरजवळचा ॲडजस्टर फिरवून केबल थोडी सैल करून बघा. आणि सायकल दुरुस्तीच्या स्टँडला लावताना ड्रॉपरचा चकचकीत, सरकणारा भाग पकडू नका.

तुमची फ्रेम आतल्या केबलसाठीच बनवलेली असेल आणि पावसाळ्यात सायकल घरातच राहत असेल, तर आतली खुशाल घ्या. फक्त दर मे महिन्यात इनर आणि आउटर दोन्ही बदला. जून ते सप्टेंबर येऊर किंवा खारघरच्या चिखलात जाणार असाल, तर मी तरी बाहेरचीच सुचवेन.