कॉलेजचे चान्सेस सांगणारं ॲप: वर्षभर वापरल्यावर (पेड प्लॅन)

परवा रात्री रिन्यूअलचे १२० डॉलर कापल्याचा मेसेज आला. ऑटो-रिन्यू मी एप्रिलमध्येच बंद केलं होतं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, तरी कापले. म्हटलं आता लिहूनच टाकू. खरं तर डिसेंबरमध्येच लिहायला बसले होते पण तेव्हा डोकं इतकं तापलेलं होतं की धड काही लिहिलं गेलं नसतं, आणि जानेवारीनंतर माझं मत थोडं बदललंही, त्यामुळे थांबले ते बरंच झालं.

अमेरिकेतल्या सिलेक्टिव्ह कॉलेजांसाठीची ही ॲप्स कशी असतात ते तुम्हाला माहीतच असेल. मार्क, एसएटी (कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा), ॲक्टिव्हिटीज भरा, कॉलेजं निवडा, प्रत्येकापुढे टक्का येतो आणि त्यावरून रीच (अवघड), टार्गेट (जमण्यासारखं), सेफ्टी (जवळपास नक्की) असे रंग. लेक बारावीत गेली तेव्हा घेतलं. कौन्सेलरची फी ऐकून आम्ही आल्या पावली परत आलो होतो, त्यापुढे १२० डॉलर काहीच वाटले नाहीत. डेडलाइनचं कॅलेंडर चांगलं आहे, कुठल्या कॉलेजला किती सप्लिमेंट म्हणजे जादाचे निबंध ते एका जागी दिसतं, ॲप हँग वगैरे कधी झालं नाही. हे सगळं ठीक.

पण हे ॲप एक प्रश्न विचारतच नाही. एड, म्हणजे फीसाठी कॉलेजकडून आर्थिक मदत, लागणार आहे का?

नागरिकत्व विचारतं, शाळेचा प्रकार विचारतं, घरात कॉलेजला जाणारी पहिलीच का ते विचारतं, व्हायोलिनच्या कितव्या परीक्षेपर्यंत पोचली तेही विचारतं. पैशाचं एक अक्षर नाही. आणि बाहेरच्या देशातून अर्ज करणाऱ्या, एड मागणाऱ्या मुलांचं अर्धं गणित तिथेच ठरतं हो. ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं नीड-अवेअर असतात, म्हणजे तुम्ही एड मागितली आहे हे निर्णय घेताना त्यांच्यासमोर असतं आणि ते धरलं जातं. परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड, म्हणजे एड मागितली का ते न बघणारी, कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही जुनी, मग २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आली, नंतर ब्राउन, अजून एखाद-दोन. त्यातही हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना घेतलं, म्हणजे साधारण ३.६ टक्के. तिथे एड न बघण्याचा दिलासा असून असून किती असणार.

आणि यावर कहर म्हणजे ॲपमध्ये बऱ्याच कॉलेजांपुढे हिरवा बॅज असतो, "१०० टक्के नीड पूर्ण करतात". मी आई आहे, तो बॅज बघून मला काय वाटणार? मला वाटलं वा, इथे पैशाची चिंता नाही, इथे नक्की टाकायचं. त्याचा खरा अर्थ असा की प्रवेश मिळाला तर पूर्ण एड देतील. आणि पूर्ण द्यायची असते म्हणूनच एड लागणारी किती मुलं घ्यायची ते त्यांना मोजूनमापून ठरवावं लागतं. म्हणजे जो बॅज आम्हाला आधार वाटत होता तोच आमच्यासारख्यांसाठी दार अरुंद असण्याची खूण होती, आणि शेजारी टक्का मात्र जणू पैशाचा काही संबंधच नाही असा छापलेला.

याची किंमत आम्ही ईडीमध्ये मोजली. ईडी म्हणजे अर्ली डिसिजन, लवकर टाकायचा अर्ज, तो एका वेळी एकाच ठिकाणी टाकता येतो, बायंडिंग असतो, म्हणजे घेतलं तर तिथेच जायचं, एड पुरेशी दिली नाही तरच सुटका. ॲपमध्ये एका युनिव्हर्सिटीपुढे साधा अर्ज ठेवला तर १४ टक्के आणि ईडी निवडलं की २९. दुप्पट! लेकीने दोन आठवडे तो टॉगल पुढे-मागे करून बघितला असेल. शेवटी तिथेच टाकलं, १ नोव्हेंबरची डेडलाइन. डिसेंबरच्या मध्यात निकाल, सरळ नकार, डिफर (निर्णय पुढे ढकलणं) पण नाही. नंतर कळलं ते असं, की ईडीत प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं कारण त्या गठ्ठ्यात आधीच ठरलेले खेळाडू असतात, जिथे चालतं तिथे माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि फी पूर्ण भरू शकणारी मुलं असतात ज्यांना बायंडिंगची भीती नसते. त्या सगळ्यांचा फायदा ॲपने माझ्या लेकीच्या नावावर जमा करून दाखवला. एकच ईडी होतं, ते असं गेलं. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली नाही. हे लिहिताना अजून माझा हात जड होतो.

त्याच दिवशी सपोर्टला मेल केला. साधा प्रश्न, तुमचा टक्का एड मागणाऱ्यासाठी आहे की न मागणाऱ्यासाठी? पहिलं उत्तर, अभिप्रायाबद्दल धन्यवाद, टक्केवारी हा अंदाज असतो. दुसरं उत्तर, हेल्प पेजची लिंक, त्यात एड हा शब्दच नाही. तिसऱ्या वेळी स्क्रीनशॉट मागितला. कशाचा स्क्रीनशॉट, जो प्रश्न ॲपमध्ये नाहीच त्याचा? चौथ्या वेळी दहा दिवसांनी कुणीतरी माणसासारखं लिहिलं, की आमच्या मॉडेलमध्ये फायनान्शियल एड धरलेली नाही. एवढंच वाक्य. हेच वाक्य आकड्याखाली बारीक अक्षरात छापलं असतं तरी आमचं ईडी वाचलं असतं.

उत्तर येईपर्यंत अर्थात आम्ही थांबलो नव्हतो, बाकीच्या साध्या अर्जांची १ जानेवारीची डेडलाइन समोर होती. कुणीतरी सांगितलं कॉमन डेटा सेट बघा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ही पीडीएफ आपल्या साइटवर टाकतात, फुकट, सगळ्यांचा फॉर्म एकसारखा. जेवणाच्या टेबलावर लेक लॅपटॉप घेऊन बसली आणि मी तिच्या जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. ती म्हणाली, "आई, एच-६ बघ, इथे आहे ते." एच-६ हा त्या फॉर्मचा एक भाग, त्यात असतं परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजने स्वतःची एड दिली आणि सरासरी किती दिली. मग बी-२ मधून कॉलेजात एकूण परदेशी विद्यार्थी किती ते घ्यायचं आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. बस, एक भागाकार. पाचव्या-सहाव्या कॉलेजनंतर आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. ॲपने टार्गेट म्हणून पिवळ्या रंगात दिलेल्या एका कॉलेजात परदेशी मुलं भरपूर, पण एड मिळालेली अगदी मूठभर. आणि ओहायोतलं एक लहान लिबरल आर्ट्स कॉलेज, जे ॲपमध्ये १८ टक्के, लाल, रीच, आणि जे आम्ही सप्टेंबरमध्येच यादीतून काढायला निघालो होतो, तिथे निम्म्याहून जास्त परदेशी मुलांना एड, आणि सरासरी रक्कम वाचून मी तिला आकडा परत वाचायला लावला.

त्याच पीडीएफमध्ये सी-७ पण बघा, मार्क, निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, आणि तुम्ही कॉलेजमध्ये किती रस दाखवलात, याला कॉलेज किती महत्त्व देतं ते त्यांनी स्वतःच टिक करून सांगितलेलं असतं. सी-९ मध्ये एसएटीची रेंज असते, पण ती फक्त ज्यांनी स्कोअर पाठवले त्यांची. टेस्ट-ऑप्शनलच्या, म्हणजे एसएटी ऐच्छिक असलेल्या, वर्षांत कमी स्कोअरवाल्यांनी पाठवलेच नाहीत, त्यामुळे रेंज फुगलेली दिसते. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी परत सक्तीची केली, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्डने २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. मधल्या वर्षांच्या डेटावर ॲपने लेकीच्या एसएटीच्या १४९० ला "सरासरीपेक्षा कमी" म्हटलं तेव्हा ती विनाकारण रडली होती. असो.

आता मत कुठे बदललं ते. जानेवारीत राग जरा निवल्यावर मी विचार केला की ॲपला हे कळणार तरी कसं. त्यांचा डेटा म्हणजे आधीच्या मुलांनी स्वतःहून भरलेले निकाल. ज्याला प्रवेश मिळतो तो हौसेने भरतो, ज्याला नाही मिळत तो ॲप डिलीट करतो. आणि एड मागितली होती का हे कुणी भरत नाही कारण तसा रकानाच नाही. मग मॉडेल काय शिकणार? शिवाय १४ टक्के सांगितलं आणि नकार आला तर आकडा चुकला असं म्हणता येत नाही, शंभरातल्या शहाऐंशी जणांना नकारच येणार ना. एका मुलीच्या निकालावरून टक्का खोटा ठरवता येत नाही हे मला पटलं. त्यामुळे ज्यांना एड नको त्यांच्यासाठी हे आकडे ढोबळमानाने कामाचे असतील, हे मी आता म्हणते, डिसेंबरमध्ये म्हटलं नसतं.

एक गोष्ट मात्र अजून पटत नाही. यादीच्या वर एक पट्टी असते, "किमान एका रीच कॉलेजात प्रवेश", आमच्याकडे ६४ टक्के दाखवत होती. हिशेब सोपा आहे, आठ रीच कॉलेजं, प्रत्येकी साधारण १२ टक्के, आठही ठिकाणी नकार येण्याची शक्यता काढली तर ३६ येते, उरले ६४. पण हे तेव्हाच खरं जेव्हा आठ निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नसेल. इथे तोच ६५० शब्दांचा निबंध, त्याच बाईंचं शिफारसपत्र, तीच ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रकं) आणि तीच एडची मागणी आठही ठिकाणी जाते. एका ठिकाणी जे खटकलं ते बाकीच्या ठिकाणीही खटकण्याचीच शक्यता जास्त. ती पट्टी बघून माणूस अजून दोन रीच कॉलेजं वाढवतो, आणि मोठ्या कॉलेजांची अर्जाची फी ७५ ते ९० डॉलर, वर सीएसएस प्रोफाइलचे (एड मागण्याचा फॉर्म) पहिल्या कॉलेजचे २५ आणि पुढच्या प्रत्येकाचे १६. आम्ही वहीवर भागाकार करून चार नावं कापली, तिथेच ॲपच्या वर्गणीपेक्षा जास्त पैसे वाचले.

आठ ठिकाणी अर्ज गेले. पाच नकार, एक वेटलिस्ट, दोन प्रवेश. त्यातला एक प्रवेश ॲपने ४१ टक्के सांगितलेल्या कॉलेजचा. पत्र आलं, अभिनंदन, रंगीबेरंगी कागद उडणारा व्हिडिओ, घरात आरडाओरडा. मग खाली स्क्रोल केलं तर एड शून्य. पूर्ण फी भरा आणि या. ॲपच्या हिशेबाने हे बरोबर आलेलं भाकीत, त्यांनी तर नोटिफिकेशनमध्ये पार्टीची टोपी पाठवली. आमच्या हिशेबाने ते नकाराचंच पत्र होतं, फक्त जरा गोड भाषेत. ॲप ज्याला चान्स म्हणतं आणि आमच्या घरात ज्याला चान्स म्हणतात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या रात्री खरं कळलं.

दुसरं पत्र ओहायोचं. १८ टक्के, लाल. एड इतकी की उरलेली रक्कम आम्ही दोघं मिळून भरू शकतो, कर्ज न काढता. लेकीचे बाबा ते पत्र हातात घेऊन उभ्या उभ्या तीनदा वाचत होते. पुढच्या महिन्यात निघेल ती.

तर घ्यावं का? एड लागणार नसेल आणि कॅलेंडर हवं असेल तर एका महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा नको, आणि बंद करताना कार्डही काढून टाका. एड लागणार असेल तर आधी एच-६ आणि बी-२ चा भागाकार करा, मग वाटलं तर ॲप. ईडी तर त्या टॉगलवर अजिबात ठरवू नका, हात जोडून सांगते. पाचपैकी दोन स्टार देतेय, दोन्ही कॅलेंडरचे. रिन्यूअलचे पैसे परत आले तर इथे लिहीन, चौथा मेल आज सकाळी गेलाय.

काल अकाउंट बंद करायला गेलो तर त्याआधी एक फॉर्म आला, तुमचे निकाल भरा, पुढच्या वर्षीच्या मुलांना मदत होईल. लेक म्हणाली भरूया. प्रत्येक कॉलेजपुढे चारच पर्याय, प्रवेश, नकार, वेटलिस्ट, डिफर. एडचं काहीच नाही. शेवटी नोट्सचा एक रिकामा चौकोन होता. ओहायोपुढे तिने लिहिलं, "एड मागितली होती, मिळाली." ४१ टक्केवाल्यापुढे लिहिलं, "एड मागितली होती, नाही मिळाली, जात नाहीये." आठही ठिकाणी तसं लिहीत बसली, ईडीवाल्यापुढे सुद्धा, आणि मग सेव्ह केलं.