श्रावणाच्या तिसऱ्या रात्री आलेली गाडी

दादाने गटारीला शेवटची दारू प्यायली. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आईच्या फोटोपुढे नारळ ठेवला आणि म्हणाला, या श्रावणापासून बंद. वहिनीने त्या दिवशी पुरण घातलं. घरातल्या प्रत्येकाला वाटलं, आता आपले दिवस फिरले.

दादा ४४ वर्षांचा. पीठगिरणी चालवतो. १५ वर्षं रोज पिणारा, आणि शेवटची दोन-तीन वर्षं तर सकाळी गिरणीचं शटर वर करण्याआधी क्वार्टर लागायची. असा माणूस एकाएकी पूर्ण थांबला तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कुणाला विचारलंही नव्हतं.

पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले. दुसऱ्या दिवशी अंगाला दरदरून घाम, उलट्या, झोप नाही. त्या रात्री फिट आली. शेजारच्या काकांनी कांदा हुंगवला, दादा शुद्धीवर आला आणि आम्ही सकाळी डॉक्टरांकडे नेऊ म्हणून झोपलो. सकाळी तो म्हणाला, मी बरा आहे. आम्ही त्याचं ऐकलं. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वहिनीला ‘आई’ म्हणून हाक मारत होता आणि गिरणीत चार माणसं कोयते घेऊन बसलीत म्हणून दाराला टेबल लावत होता. अंग तापलेलं.

सिव्हिल हॉस्पिटल आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. तिथे नेलं नाही. दारुड्याला सरकारी दवाखान्यात हात लावत नाहीत, उलट पोलीस केस होते, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात. मुलगी लग्नाची आहे. ‘वेड्याच्या दवाखान्यात पाठवलं’ हे वाक्य वहिनीच्या मनात घट्ट बसलं होतं. रात्री पाऊण वाजता मी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला.

समोरचा माणूस इतका आपुलकीने बोलला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘दादा, घाबरू नका, आमच्याकडे २४ तास डॉक्टर आहेत, अर्ध्या तासात रुग्णवाहिका पाठवतो.’ मी विचारलं, मुक्तांगणसारखं आहे का? पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभारलेलं; व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की आम्हाला तेवढंच नाव ठाऊक. तो म्हणाला, ‘तसंच समजा.’ मग त्याने न विचारता सांगितलं की सिव्हिलला नेऊ नका, तिथे केस होते, नाव पेपरात येतं. आमची भीती त्याला आमच्यापेक्षा चांगली पाठ होती.

गाडी आली ती साधी व्हॅन, मागे गादी टाकलेली. ऑक्सिजन नाही, डॉक्टर नाही, नर्स नाही. चार धिप्पाड मुलं. त्यांनी दादाचे हात मागे घेऊन कापडी पट्ट्याने बांधले. ना नाडी बघितली, ना शेवटची दारू कधी प्यायला हे विचारलं. पाऊस होता, वीज गेलेली. एकाने कागद पुढे केले, ‘सह्या करा, बाकी आम्ही भरतो.’ मी मोबाइलचा टॉर्च धरला आणि वहिनीने तीन ठिकाणी सह्या केल्या. गाडीचे ८,००० आणि पहिल्या महिन्याचे ३५,०००, असे ४३,००० रुपये मी तिथेच क्यूआर कोडवर भरले. कोड एका व्यक्तीच्या नावावर होता. ते नाव मी वाचलं, तरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर, ‘पेशंट झोपलाय, पंधरा दिवस बोलता येत नाही, नियम आहे.’ व्हिडिओ कॉल मागितला तर फोन ठेवला. पावती व्हॉट्सअॅपवर आली. त्यावर उपचाराचा उल्लेखच नव्हता, लिहिलं होतं ‘ऐच्छिक देणगी’.

दादाचा जीव वाचला तो माझ्या भाचीमुळे. ती नर्सिंग करते. तिला संध्याकाळी सगळं सांगितलं तर ती फोनवर ओरडलीच : ‘मामा, हे व्यसनमुक्तीचं नंतर बघू. फिट आली, भास होतायत, ताप आहे, म्हणजे ही इमर्जन्सी आहे. यात माणूस जातो. आत्ता बाहेर काढ.’

आम्ही तिघं निघालो. हायवेपासून आत, उसाच्या रानात दोन मजली घर, बाहेर बोर्ड नाही. फाटकावरचा माणूस म्हणाला, तुम्हीच सही केलीय, महिना पुरा झाल्याशिवाय सोडता येत नाही, आणि आत्ताच न्यायचा तर आणखी २०,०००. मी ११२ लावला. हवालदार येईपर्यंत पाऊण तास आम्ही तिथे उभे होतो. आत एका खोलीत सात-आठ जण, दादा जमिनीवर, ओठ सुकलेले, मनगटावर वळ, आम्हाला ओळखत नव्हता. त्याच खोलीत विशीचा एक मुलगा होता. तो मला हळूच म्हणाला, ‘काका, माझ्या घरी पण फोन करा.’ त्याने सांगितलेला नंबर मी लावला. तिकडून कुणी काही बोललं नाही.

१०८ ची गाडी आली. फुकट. सिव्हिलच्या अपघात विभागात ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘शेवटची दारू कधी?’ तीन दिवस ज्या प्रश्नाची वाट बघायला हवी होती, तो हा. लोराझेपामचं, म्हणजे फिट आणि तगमग आवरणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिलं. त्यांनी समजावून सांगितलं की सततच्या दारूने शरीरातलं बी-१ संपलेलं असतं आणि नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दारू तोडल्यावर फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, भास आणि भ्रम साधारण दोन ते चार दिवसांत. आमचं अगदी तसंच झालं होतं. दादा नऊ दिवस तिथे होता. कसलीही केस झाली नाही.

नंतर एका वकील ताईंनी कायदा दाखवला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्यात येतात. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या जागेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र आपण बघायला मागावं. रुग्ण स्वतः तयार नसेल तर घरच्यांची नुसती सही पुरत नाही. कलम ८९ प्रमाणे एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्यातला तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि तेही दाखल करायच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत. दादाला एकानेही तपासलं नव्हतं. साखळीने बांधून ठेवायला तर सरसकट बंदी आहे. आणि जिवावर बेतलं असेल तर कलम ९४ प्रमाणे कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. म्हणजे आमच्या गल्लीतले फॅमिली डॉक्टरसुद्धा त्या रात्री सुरुवात करू शकले असते. त्यांचं घर आमच्यापासून चार घरांवर.

तुमच्या घरी कुणी असं कासावीस झालं, फिट आली, नसलेलं दिसायला लागलं, जीव द्यायची भाषा करू लागलं, तर आधी १०८ लावा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ आहे. केंद्राचं नंतर ठरवा, दिवसा, स्वतः जाऊन, खोल्या बघून. जो माणूस फोनवर दवाखान्यात नेऊ नका म्हणतो, त्याला पैसे देऊ नका. आणि रोज पिणारं माणूस श्रावणाचा संकल्प करत असेल तर त्याचं कौतुक कराच, पण आधी डॉक्टरकडे न्या. ही दारू औषधांच्या आधाराने सोडवावी लागते.

पोलिसांत आणि प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली आहे. क्यूआरचा स्क्रीनशॉट, ‘देणगी’ची पावती, दादाच्या मनगटांचे फोटो, सगळं जोडलं. ४३,००० परत आलेले नाहीत. त्या विशीतल्या मुलाचंही तक्रारीत लिहिलं आहे. त्याच्या घरच्या नंबरवर मी अजून अधूनमधून फोन करतो.

दादाला त्या रात्रीचं फारसं आठवत नाही. मुंग्या आठवतात. आणि परवा जेवताना म्हणाला, ‘तुझी वहिनी सही करत होती आणि तू टॉर्च धरला होतास. एवढं दिसत होतं मला.’