पॅन गॅस्केटच्या नावाखाली चुना लावला, जुन्या व्हॅनवाल्यांनी सावध राहा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात जुन्या गाड्या ओढणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. आमची 2005 ची डॉज ग्रँड कॅरॅव्हॅन, ट्रान्समिशन पॅनच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या ट्रेच्या, मागच्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळायला लागली, म्हणजे गॅस्केट (पॅनच्या सांध्यातली सीलपट्टी) गेलं हे उघडच होतं. जवळच्या गॅरेजवाल्याने टिश्यूवर तेल घेऊन दाखवलं, बघा कसं तपकिरी झालंय, जळलंय, गिअरबॉक्स संपला, 3200 डॉलर होतील. आता या गाडीच्या गिअरबॉक्सला एटीएफ+4 नावाचं तेल लागतं आणि त्याचा लाल रंग टिकतच नाही, वापरून तपकिरी होतोच, नुसत्या रंगावरून तेल जळलं असं ठरत नाही. गिअर मस्त पडत होते, मी म्हटलं तुम्ही फक्त गॅस्केट, फिल्टर आणि तेल बदला. 310 डॉलर घेतले, बिलावर तिन्ही गोष्टी छापून.

महिना झाला नसेल, परत डाग. विचारायला गेलो तर चोराच्या उलट्या बोंबा, "आम्ही सांगितलंच होतं ना गिअरबॉक्स गेलाय".

मग दुसऱ्या मेकॅनिककडे नेली, त्याने लिफ्टवर चढवून मलाच खाली बोलावलं. पॅनच्या कडेने बाहेरून सिलिकॉन, सोऱ्यातून चकली पाडल्यासारखं, तेही जुन्या चिकट मळावरच, बोल्टचा गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. आत तेच जुनं गॅस्केट, कडक होऊन तडकलेलं, फिल्टरही जुनाच. पॅनमध्ये धातूचा चुरा धरायला मॅग्नेट असतो, त्यावर करडी बारीक पेस्ट होती, तेवढी असतेच हां, कोणी ती बोटावर घेऊन घाबरवायला लागला तर घाबरू नका, धातूचे तुकडे निघाले तर गोष्ट वेगळी. याने कडा खरवडून साफ केल्या, नवीन गॅस्केट टाकलं, बोल्ट थोडे थोडे करत सगळीकडून सारखे आवळले, कारण जोर लावून आवळले की पॅनचा पत्रा वाकतो आणि परत गळती.

फोटो आणि दोन्ही बिलं लावून कॅलिफोर्नियाच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे (गॅरेजवर नजर ठेवणारं सरकारी खातं) ऑनलाईन तक्रार टाकलीये, बघू काय होतं. काम देतानाच जुने पार्ट परत मागितले तर गॅरेजला ते द्यावे लागतात, इथला कायदाच आहे तसा, वर्क ऑर्डरवर लिहूनच घ्या, नंतर मागाल तर "कचऱ्यात गेले" एवढंच ऐकायला मिळेल. आणि जाताना एक जाड पिशवी न्या, ते सगळं तेलाने माखलेलं असतं.