मीटर की मोटर? एफएम१० वरून डी७००० वर, आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर जुना निकॉन डी७००० हा डिजिटल कॅमेरा साडेसोळा हजाराला घेतला. नुसती बॉडी, लेन्सशिवाय. त्याआधी एकोणीस वर्षं माझ्याकडे एकच कॅमेरा होता, निकॉन एफएम१०. रोलचा, हातानं फोकस करायचा. दोन बटण-सेलवर मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, चालतो आणि सेल संपले तरी शटर पडतं. तो अजून ठणठणीत आहे. मागच्या झाकणाचा फोम वयानं चिकट झाला होता, तो मीच घरी बदलला.

बिघडलं होतं ते हिशेबात. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून अकराशेच्या घरात जायला लागलं. मी जिथं रोल टाकायचो तिथून ते बाहेरगावी जायचे आणि तीन आठवड्यांनी कळायचं की छत्तीसातले वीस हललेत. साडेसोळा हजार म्हणजे पंधरा रोल. हे गणित बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग इतकी वर्षं काय करत होता?"

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात बनवला, त्या कोल्हापुरात मला एक जुनी बॉडी निवडायला तीन महिने लागले. कारण होतं घरातल्या लेन्सा. ५० एमएम एफ/१.८, १३५ एमएम एफ/२.८ आणि एफएम१० सोबत आलेली ३५-७० (एफ हा छिद्राचा आकडा, तो लहान तितकं छिद्र मोठं). तिन्ही हातानं फोकस करायच्या, छिद्राची रिंग असलेल्या एआय जातीच्या, म्हणजे छिद्र किती ते रिंगेवरूनच बॉडीला कळवणाऱ्या. त्या विकून काही मिळालं नसतं आणि तशा नव्यानं घ्यायची ऐपत नव्हती. म्हणजे बॉडी लेन्सांना जुळणारी हवी.

इथं बहुतेक जण फसतात, मीही फसणार होतो. निकॉनचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ती खाच, १९५९ पासून तोच, त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. डी३२०० सारख्या स्वस्त बॉडीवर माझी १३५ खटकन बसली, पण मीटर मेला. अंदाजानं शटर लावा, फोटो काढा, स्क्रीन बघा, परत लावा. मग एकानं सुचवलं, "डी९० घे, त्यात मोटर आहे." मोटर आहे हे खरं. पण ती मोटर जुन्या ऑटोफोकस लेन्सा फिरवण्यासाठी. हातानं फोकस करायच्या लेन्सला मोटरचा काय उपयोग? तिला हवा मीटर, आणि तो अशा लेन्सवर डी९० मध्येही चालत नाही. मोटर आणि मीटर या दोन शब्दांच्या घोळात माझे दहा-बारा हजार जाता जाता वाचले.

डी७००० मध्ये दोन्ही आहेत. माउंटच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो लेन्सच्या रिंगेला टेकून छिद्र किती ते बॉडीला सांगतो. मेनूत लेन्सची लांबी आणि सगळ्यात मोठं छिद्र एकदा भरून ठेवायचं, अशा नऊ लेन्सांची सोय आहे. मग ए (छिद्र आपण ठरवायचं) आणि एम (छिद्र, शटर दोन्ही आपण) या दोन मोडमध्ये मीटर नीट चालतो. पी आणि एस हे बाकीचे मोड विसरायचे. १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स मात्र याला लावू नका, तो खटकाच मोडेल.

कॅमेरा घेतला एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून, तो मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर गेला होता. त्याच्या स्वयंपाकघरात बसून तपासला. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढून सेन्सरवरचे (फिल्मच्या जागी असलेल्या चिपवरचे) डाग पाहिले. दोन्ही कार्डं घालून बघितली. तो खटका नखानं ढकलून सोडला, टक्कन मागं आला. शटर ४१ हजार वेळा पडलेलं, कंपनीची चाचणी दीड लाखाची. अंगठ्याजवळचं रबर सुटलेलं होतं, त्याबद्दल पाचशे कमी केले. वर चहा पाजला.

आता वापराचं. मी बहुतेक फोटो तालमीत काढतो, पहाटे, तांबड्या मातीवर, वर दोन दिवे. चारशे आयएसओच्या रोलवर (हा आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो) १३५ एफ/२.८ ला उघडून शटर मिळायचं १/६० सेकंद. पैलवानानं ढाक मारली की फोटोत नुसता धूर. आता आयएसओ ३२०० ठेवतो आणि तेवढ्याच उजेडात १/५०० मिळतं. दाणे दिसतात, पण चारशेचा रोल ओढून (जास्त वेळ) धुतल्यावर दिसायचे त्यापेक्षा कमीच. शिवाय सेन्सर लहान असल्यानं १३५ ची लेन्स २०० सारखी वागते, त्यामुळे आखाड्याच्या कडेला बसूनही खांद्यावर चिकटलेले मातीचे कण मोजता येतात. वस्तादांना अजून सवय झालेली नाही. परवा विचारत होते, "रोल संपंना झालाय व्हय तुझा?"

फोकसनं मात्र रडवलं. एफएम१० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध दुभंगलेली प्रतिमा असते, दोन तुकडे जुळले की झालं. डी७००० ची काच ऑटोफोकससाठी केलेली, तीत सगळंच नीट दिसतं आणि घरी येऊन बघावं तर नाक स्पष्ट, डोळे मऊ. खालच्या कोपऱ्यात एक ठिपका पेटतो, त्यावर भिस्त ठेवावी लागते. पण ठिपका थोडा आळशी आहे. रिंग थोडी पुढं-मागं केली तरी तो पेटलेलाच राहतो. मी आता ठिपका पहिल्यांदा पेटतो ती जागा आणि विझतो ती जागा, यांच्या मध्ये थांबतो. ५० एमएम एफ/१.८ ला उघडून तरी दहातले चार जातातच. पहिले दोन महिने मी हा कॅमेरा परत विकायच्या विचारात होतो, हे कबूल करतो.

दुसरी खोड माझीच. रोलवर मी नेहमी एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायचो, निगेटिव्ह ते पचवायचं. इथं तसं केलं की पांढरा फेटा म्हणजे कागदाचा कपटा, त्यातून काही परत येत नाही. आता उन्हात उजेड वजा ०.७ स्टॉपवर ठेवतो आणि रॉ, म्हणजे कच्च्या फाइलमधून सावल्या वर ओढतो. सावल्यांत मात्र या सेन्सरमध्ये भरपूर माल दडलेला असतो, २०१० चा कॅमेरा आहे हे विसरायला होतं.

चैत्रात जोतिबाला गेलो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालानं आभाळ गुलाबी, आणि मी शहाण्यानं तिथंच उभं राहून लेन्स बदलली. रात्री बघितलं तर प्रत्येक फोटोत आभाळावर अकरा डाग, गुलाबी नव्हे, काळपट. फुंकणीनं गेले नाहीत. ओल्या पट्टीनं सेन्सर पुसून घ्यायला आठशे रुपये गेले. एफएम१० मध्ये गुलाल गेला असता तर पुढच्या फ्रेमला नवी फिल्म आली असती, हा फरक माझ्या डोक्यातच आला नव्हता. डोंगरावर जाताना आता एकच लेन्स.

दोन खर्च मी धरले नव्हते, तुम्ही धरा. ३५-७० ही लेन्स इथं ५२ ते १०५ होते, म्हणजे रुंद काही उरतच नाही. भवानी मंडपाची कमान फ्रेममध्ये बसवायला मागं सरकत सरकत मी रिक्षासमोर गेलो. शेवटी जुनी १८-५५ अडीच हजाराला घ्यावी लागली. दुसरा खर्च बॅटरीचा. स्वस्तातली घेतली, ती दोनशे फोटोंत झोपली. नंतर कंपनीची घेतली, यात्रेच्या दिवशी सहाशे फोटो काढूनही निम्मी शिल्लक होती. वजन वेगळंच. एफएम१० चारशे ग्रॅमच्या आसपास, हा बॅटरीसह पावणेआठशे. पहिल्या यात्रेनंतर मान दोन दिवस धरली होती.

ज्यांच्याकडे जुन्या लेन्सा नाहीत त्यांनी या बॉडीच्या मागं लागू नये, त्या पैशात हलकं आणि नवं काहीतरी मिळेल. खोक्यात एआय लेन्सा पडून असतील तर मात्र माझ्या मते याहून स्वस्त वाट नाही. निकॉनच्याच डी७०० मध्ये पूर्ण, फिल्मएवढ्या आकाराचा सेन्सर मिळतो, रुंद लेन्स रुंदच राहते, हे मान्य. मला जे दोन दाखवले त्यांचा भाव दुप्पट होता.

आठ महिन्यांत सात हजारांवर फोटो झाले. ठेवावेत असे दोनशे असतील. एफएम१० विकलेला नाही. दसऱ्याला घातलेला रोल अजून त्यात आहे, काउंटर पंचविसावर. रविवारी सकाळी पाऊस थांबला तर रंकाळ्यावर जाऊन उरलेले अकरा काढायचे आहेत.