‘द ओल्ड मॅन अँड द मेडल’: पदक, पाय आणि चावणारे बूट

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या एका गाड्यावर हे १२० रुपयांना मिळालं. घरी उघडलं तर मधली आठ पानं सुटलेली. विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं. पानं डिंकाने चिकटवली आणि दोन रात्रींत वाचून काढलं.

आफ्रिकेतल्या, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या कॅमेरूनच्या फर्दिनांद ओयोनो यांची ही कादंबरी मूळ फ्रेंचमध्ये १९५६ साली आली. माझी प्रत जॉन रीड यांच्या इंग्रजी अनुवादाची. मेका नावाच्या म्हाताऱ्याला फ्रेंच सरकार पदक देणार आहे. कारण त्याने आपली जमीन मिशनला दिली आणि त्याचे दोन मुलगे फ्रान्ससाठी लढता लढता मेले.

सोहळा १४ जुलैचा, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचा. गोऱ्यांचा मोठा साहेब यायचाय, म्हणून मेकाला मैदानात आखलेल्या वर्तुळात उभं केलंय. वर ऊन तापतंय. सवय नसलेले पाय कातडी बुटांत कोंबलेत आणि बूट चावतायत. त्यात लघवी लागलेली. हलायची सोय नाही. ओयोनो इथून लवकर पुढे सरकतच नाहीत. सुरुवातीला मी मोठ्याने हसले, मग माझ्याच पायाची बोटं आखडल्यासारखी वाटायला लागली. साम्राज्याचा सगळा थाट त्यांनी एका म्हाताऱ्याच्या दुखऱ्या पायांवरून दाखवलाय. इतकं नेमकं लिहिलेलं मी फार कमी वाचलंय.

गर्दीत त्याची बायको केलारा अभिमानाने बघत असते. जवळचा एक पोरगा म्हणतो, मुलं गेली, जमीन गेली, याला तर पदकांनी मढवायला हवं होतं. ती तिथेच ढासळते. मी पुस्तक मिटून ठेवलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे: गावातून किती गेले, किती मेले. नावं नाहीत, नुसते आकडे. आजी येता-जाता त्या पाटीला हात लावून नमस्कार करायची.

त्याच रात्री वादळात पदक हरवतं आणि अंधारात गोऱ्यांच्या वस्तीत भरकटलेल्या मेकाला पोलीस कोठडीत टाकतात.

नावं सुरुवातीला गोंधळात टाकतात, थोडा धीर धरा. आणि हे कधी छापलं गेलं तेही लक्षात असू द्या: स्वातंत्र्य मागणाऱ्या यूपीसी पक्षावर फ्रेंचांनी १९५५मध्ये बंदी घातली होती आणि कॅमेरून स्वतंत्र झाला १ जानेवारी १९६० रोजी.

शेवटी सगळे मेकाच्या घरी जमतात. आधी रडारड, मग गप्पा. एकजण म्हणतो, मेकाने नुसता लंगोट लावून जायला हवं होतं, म्हणजे पदक लावायला साहेबाला त्याच्यापुढे वाकावं लागलं असतं. आणि कोठडीतून सुटून आलेल्या माणसाच्या त्या घरात लोक पोट धरून हसायला लागतात.