घोडबंदरची धूळ आणि आमचं कासव: केर काढणाऱ्या रोबोचे नऊ महिने

नव्याचे नऊ दिवस प्रत्येक वस्तूचे असतात. म्हणून हा अनुभव लिहायला मी नऊ महिने थांबले. गेल्या जुलैत केर काढणारा आणि ओलं फडकं फिरवणारा रोबो आमच्या घरी आला. किंमत साडेतेवीस हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली यंत्रं आतून एकमेकांची भावंडंच आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे.

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, चौथ्या मजल्यावर. हॉलची खिडकी घोडबंदर रोडकडे. ज्यांचं घर या रस्त्यावर आहे त्यांना धूळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम वर्षानुवर्षं चाललंय, गुजरातकडचे कंटेनर रात्रभर धावतात, आणि सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. पण मावशी दुपारी येईपर्यंत त्यांना धीर धरवत नाही. मी वागळे इस्टेटला ऑफिसात पोचले की इकडे त्या ओणव्या होऊन केर काढायला घ्यायच्या. ते थांबवायचं होतं. यंत्र घेण्यामागे दुसरं कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी ॲपने यंत्राचं नाव विचारलं. आईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर कासव. महादेवाच्या देवळात नंदीजवळ असतं ना, तसं." तेच नाव पडलं. पाठीवर जो छोटा घुमट आहे त्यात लेझर गरगर फिरत असतो. प्रकाश भिंतीवर आपटून किती वेळात परत येतो किंवा कुठल्या कोनातून येतो, त्यावरून यंत्र अंतर मोजतं आणि चालता चालता घराचा नकाशा काढतं. आमच्या दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचा नकाशा त्याने पंधरा-वीस मिनिटांत काढला. आईंच्या कपाटाला पूर्ण उंचीचा आरसा आहे. लेझर त्यावरून उलटून गेला आणि कपाटापलीकडे नसलेली एक खोली नकाशात उगवली. मुलगा म्हणाला, "बाबा, थ्री बीएचके झालं!" ठाण्यातले भाव माहीत असलेल्यांना हा विनोद समजेल.

चांगलं काय, ते आधी. दिवाणाखाली नि पलंगाखाली रोज झाडलं जातं. याआधी तिथे दसऱ्याच्या साफसफाईलाच हात पोचायचा. मुलगा नववीत आहे, त्याला मोजमापाची आवड. त्याने जुलैत आठवडाभर आणि डिसेंबरात आठवडाभर कासवाच्या डब्यातली धूळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली. पावसाळ्यात दिवसाला सरासरी सहा ग्रॅम, थंडीत एकवीस. डिसेंबरातली ती राखाडी, मऊ, सिमेंटच्या वासाची भुकटी कागदावर ओतलेली बघितली तेव्हा हे रोज आमच्या छातीत जात होतं, असं मनात आलं आणि मी खरंच हादरले. त्या दिवसापासून यंत्राच्या किमतीबद्दल घरात कुणी बोललं नाही. आईंनी सकाळी वाकणं सोडलंय. अकरा वाजता कासव निघालं की त्या पाय वर घेऊन सोफ्यावर बसतात, हातात लसणाची टोपली. सालं मुद्दाम खाली टाकतात आणि ते येऊन नेतं का बघतात. नेतं.

कोपऱ्यांचं मात्र तसं नाही. यंत्र गोल, खोली चौकोनी. बाजूचा तीन पायांचा ब्रश कोपऱ्यातला केर ओढायचा प्रयत्न करतो, अर्धा ओढतो, अर्धा उडवतो. कोथिंबिरीच्या काड्या तर हमखास उडवतो. काळ्या पायपुसण्यापाशी ते अडतं, पुढे जातच नाही. पोटाखाली इन्फ्रारेडचे डोळे असतात, जिन्यावरून पडू नये म्हणून. काळा रंग तो प्रकाश शोषून घेतो, परत काही येत नाही, आणि यंत्राला वाटतं पुढे खड्डा आहे. पायपुसणं बदललं, प्रश्न मिटला.

दुकानात गेलात तर सेल्समन सगळ्यात आधी पास्कल, म्हणजे यंत्राच्या ओढीचा आकडा, सांगेल. आमचं चार हजार पास्कलचं आहे, आता वीस हजारांच्या वरचीही मिळतात. आमचे हे म्हणतात, "शाळेत पास्कलचा नियम शिकलो, आता पास्कलचा भाव शिकायचा." हसण्यावारी नेऊ नका, यात पैसे जातात. पास्कल हे दाबाचं माप. हवेचा नेहमीचा दाबच एक लाख पास्कलच्या थोडा वर असतो. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा तोंड बंद करून मोजलेल्या ओढीचा असतो. फरशीवरून धूळ उचलायला हवेचा प्रवाह लागतो, ब्रश फरशीला नीट टेकावा लागतो आणि फिल्टर साफ असावा लागतो. आमच्याकडे गालिचा नाही, सगळी फरशीच. चार हजार भरपूर होतात. फिल्टर आठवड्याला झटकला नाही तर वीस हजारांचंही काही चालणार नाही.

ओल्या फडक्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. घोडबंदरच्या धुळीत पाणी पडलं की चिखल होतो, आणि पांढऱ्या टाइल्सवर त्याचे पट्टे उमटतात. आधी एक कोरी फेरी, मग फडकं, तरच ठीक. मावशींच्या लादी पुसण्याची सर त्याला नाही. टाकीत फिनेल घालायचं नाही, हेही माहितीपत्रकात लिहिलंय. ते कुणी वाचत नाही, म्हणून इथे सांगते.

दिवेलागणीचा किस्सा सांगायलाच हवा. आमच्याकडे तिन्हीसांजेला केर काढत नाहीत, लक्ष्मी यायची वेळ. एकदा दुपारी घर अर्धं झाडून कासव चार्जिंगला गेलं, मध्येच वीज गेली, आणि चार्ज पूर्ण व्हायला सात वाजले. आईंनी नुकता दिवा लावला होता, आणि हे उरलेलं काम पूर्ण करायला हॉलमध्ये हजर! "थांब रे बाबा, आत्ता नको," असं म्हणत त्या काठीने त्याला अडवत होत्या. ॲपमध्ये 'व्यत्यय नको' अशी वेळ ठरवता येते, झोपेसाठी दिलेली आहे. आम्ही ती साडेसहापासून लावली. दिवाळीत जांभळी नाक्यावरून शिंदीची केरसुणी आणली आणि लक्ष्मीपूजनाला तिच्या शेजारी कासवही मांडलं. आईंनी हळदीकुंकू वाहताना विचारलं, "याच्या डोळ्यात नाही ना जायचं?" आणि घुमट सोडून मागच्या झाकणावर बोट टेकवलं. तो पिवळा ठिपका अजून तिथे आहे, मी पुसलेला नाही.

आता तक्रार. नोव्हेंबरात एका रात्री कंपनीने आपणहून नवं सॉफ्टवेअर पाठवलं. सकाळी नकाशा गायब. नकाशात देव्हाऱ्यासमोर आम्ही 'इथे जायचं नाही' अशी चौकट काढून ठेवली होती, तीही गेली. मी ऑफिसला निघाले होते, मला पत्ता नाही. अकरा वाजता ठरल्याप्रमाणे कासव निघालं, फडकं लावलेलं, आणि थेट देव्हाऱ्यापाशी. आईंनी काढलेली रांगोळी पुसली, वाती ओढल्या, खाली ठेवलेलं तेलाचं निरांजन कलंडवलं. दिवा विझलेला होता हे नशीब. मग तेच तेल फडक्याला घेऊन हॉलभर, आतल्या खोलीत, पलंगाखाली. आई बाथरूममध्ये होत्या. बाहेर येऊन त्या तेलावर पाय ठेवला असता तर? नवे गुडघे आहेत त्यांचे. मला आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. त्या मात्र शांत होत्या. "त्याला काय कळतंय," म्हणाल्या आणि रांगोळीचा डबा काढून बसल्या.

ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळालं, नकाशा पुन्हा काढा. तो काढायला ॲप उघडावं तर सर्व्हर बंद, दोन दिवस. घर माझं, यंत्र माझं, वायफायचं बिल मी भरते, आणि माझ्याच घराचा नकाशा कुणाच्या तरी सर्व्हरवर अडकलेला. हा राग अजून गेलेला नाही.

म्हणूनच डिसेंबरात जी बातमी आली ती मी जीव लावून वाचली. रूम्बा बनवणारी अमेरिकेतली आयरोबोट कंपनी दिवाळखोरीत गेली. २००२ साली तिनेच पहिला रूम्बा आणला आणि केर काढणारा रोबो घरोघरी नेला. ॲमेझॉन तिला घेणार होती. २०२२ मध्ये सौदा जाहीर झाला, युरोपातल्या नियामकांचा विरोध झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो मोडला. तिची यंत्रं बनवून देणारी चिनी कंपनीच तिची मालक होणार, असं त्या बातमीत होतं. आमच्या ग्रुपवर मावसभावाने लिहिलं, "जगाचा केर काढणाऱ्या कंपनीचाच केर निघाला!" मी खूप हसले. मग निएटो कंपनीचं आठवलं. तीही चांगली यंत्रं बनवायची, २०२३ मध्ये बंद झाली. ग्राहकांना सांगितलं होतं की सर्व्हर पाच वर्षं तरी चालू ठेवू. २०२५ च्या अखेरीस ते बंद केले. धडधाकट मोटरी, धडधाकट चाकं, पण ॲप निकामी, आणि उरलं फक्त वरचं बटण. माणसांनी हजारो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूचं असं करणं मला अन्यायच वाटतो.

कॅमेरा असलेलं यंत्र आम्ही आधीच टाळलं होतं, आणि तो निर्णय बरोबर ठरला. २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने बातमी दिली होती की रूम्बाच्या चाचणीसाठी काही घरांत ठेवलेल्या यंत्रांनी टिपलेले फोटो इंटरनेटवर फुटले, त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचाही. ती यंत्रं दुकानातली नव्हती आणि लोकांनी संमती दिलेली होती, तरीही. २०२४ मध्ये तर अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीच्या काही रोबोंचा ताबा हॅकरांनी घेतला आणि ते घरातल्या माणसांना स्पीकरवरून शिवीगाळ करायला लागले. ही बातमी मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाल्या, "आपलं देईल तेव्हा निदान मराठीत देईल का?" सगळे ताटावरून उठेपर्यंत हसत होतो. पण त्यांचं म्हणणं खरंच आहे. आमचं कासव इंग्रजी बोलतं आणि हिंदी बोलतं. अडकलं की काय झालंय ते आईंना नीट कळत नाही, मग त्या मला ऑफिसात फोन लावतात. 'केर काढून झाला', 'चाक अडकलंय', 'डबा भरलाय' अशी वीस-पंचवीस वाक्यं तर लागतात. ती मराठीत घालायला कंपनीला किती खर्च येणार आहे?

मावशींबद्दल लिहिते. कासव आलं त्या दिवशी त्या दारातच थांबल्या. "ताई, हा माझा पगार खानार का?" मी तिथल्या तिथे सांगितलं, नाही. आणि नाहीच. आता त्या लादी पुसतात, कोपरे, ओट्याखालची जागा आणि दारामागचं बघतात. पगार तोच. कासवाचा डबा रिकामा करणं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

फेब्रुवारीत यंत्र एका जागी गोल फिरायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडताच सांगितलं, चाकाची मोटर गेली, चार हजार दोनशे, आणि यंत्र तीन आठवडे ठेवून जा. मी विचार करते म्हणून परत आणलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी ते वर्तमानपत्रावर उताणं ठेवलं, पुढचं छोटं चाक बोटांनी हलवून बघितलं, आणि उलथण्याचं टोक घालून ते चाकच बाहेर उपटलं. मी ओरडणारच होते. त्या चाकाच्या दांडीभोवती केसांची गुंडाळी बसली होती, सुपारीएवढी. माझे केस, आईंचे पांढरे केस, त्यांच्या पदराचा हिरवा दोरा आणि गजऱ्याचा दोरा, सगळं एकत्र पिळलेलं. विळीवर ती कापली, चाक टक्कन परत बसवलं. कासव सरळ चालायला लागलं. ते चाक नुसतं खोचलेलं असतं, एकही स्क्रू नाही. तुमच्याकडे यंत्र असेल तर महिन्यातून एकदा ते काढून बघा.

कुणाला घ्यायचं असेल तर दुकानात त्यांच्याकडून वायफाय बंद करून घ्या आणि बटण दाबून बघा, चालतंय का. नकाशा यंत्रातच राहतो का, इंटरनेट नसताना ठरवलेल्या वेळी निघतं का, फिल्टर, ब्रश आणि बॅटरी सुटी मिळते का, हे विचारा. सेल्समन पास्कलवर आला तर त्याला परत इकडे आणा. घरात वाकू न शकणारं माणूस असेल आणि खिडकी मोठ्या रस्त्यावर असेल तर मी घ्याच म्हणेन. तेलाच्या त्या दिवसानंतरही.

आमचं एका चार्जवर सुरुवातीला एकशेदहा मिनिटं चालायचं, आता पंच्याण्णव. बॅटरी वर्ष-दोन वर्षांत बदलावी लागेल. झाकण दोन साध्या स्क्रूंचं आहे, आतला प्लग हाताने निघतो. मी आणि मावशींनी उघडून बघून ठेवलंय.